ऐंशी ग्रेन

ऑक्टोबर उतरणीला लागला की आमच्या बेसिंगस्टोकच्या स्वयंपाकघरात सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो. बाहेर ओल्या पानांचा खच पडलेला असतो, साडेपाचलाच दिवे लावावे लागतात आणि आत सिंकपाशी, जिथे एरवी कुकरची भांडी विसळली जातात तिथे, माझी मुलगी रेवा किटलीतलं उकळतं पाणी ओतून तिच्या ठासणीच्या बंदुकीची नळी धूत असते. बंदुकीच्या दारूत गंधक असतो, आणि ती काजळी गरम पाण्यात भिजली की घरभर आपलं अस्तित्व जाहीर करते. सुनेत्रा, म्हणजे आमच्या सौ., खिडकी उघडते, पंखा लावते आणि मुलीला काही न बोलता माझ्याकडे बघून म्हणते, "अहो, निदान दिवाळीचं तळण व्हायच्या आत तरी हे आटपायला सांगा तिला." मी मान हलवतो. पण हा वास आला की मला मागचं वर्ष आठवतं आणि माझी मान जरा खालीच राहते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं इथल्या इस्पितळांत भूल देण्याचं काम केलं. त्या कामात विश्वास ठेवणारा माणूस धोक्याचा. औषधाच्या कुपीवरचं नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रिकामी कुपी टाकताना. शिवाय दुसऱ्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं. तो दुसरा माणूस नवीन नर्स असो की जुना सहकारी, त्याच्यावर तुमचा कितीही जीव असो, त्यानं तुमचं तपासायचं आणि तुम्ही रागवायचं नाही. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. दुधाच्या बाटलीवरची तारीख मी वाचतो, मग सुनेत्राला वाचायला लावतो. तिनं वाचली की तिनं खरंच वाचली का, असा संशय येतो.

त्यामुळे मागच्या वर्षी रेवानं जेवताना सहज सांगितलं की ती जानेवारीत अमेरिकेला जाऊन ठासणीच्या बंदुकीनं हरणाची शिकार करणार आहे, तेव्हा मी घास तसाच हातात धरून तिच्या आवाजातलं खोटं शोधत बसलो.

रेवा एकतीस वर्षांची. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, गावाबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला. राहते आमच्याकडेच. ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी ती एकदा जुन्या बंदुकांच्या नेमबाजीच्या क्लबात गेली आणि तिथलीच झाली. या इंग्रजांच्या देशात असली बंदूक फक्त कागदी निशाणांवर चालवायची. हरणावर चालवायला कायद्यानं बंदी आहे. पण क्लबात ॲलन नावाचा एक म्हातारा सुतार होता. त्याचा भाऊ पेन्सिल्व्हेनियात शेती करतो आणि तिथे थंडीत अशा बंदुकीनं शिकार करायची रीतसर परवानगी मिळते. ॲलननं तिला भावाकडे यायचं आमंत्रण दिलं होतं.

"हा ॲलन तुझ्यावर एवढा मेहेरबान का?" मी विचारलं.

"बाबा, ही इज सेव्हंटी-फोर. त्याची दोन्ही गुडघे नवीन आहेत. तो मला बंदूक शिकवतो, दॅट्स ऑल."

"आणि हरीण पडलं नाही, नुसतं जखमी झालं तर?"

"म्हणून तर मी प्रॅक्टिस करते ना. आणि तुम्ही संडेला मटण खाता. तो काय ट्री वर येतो?"

यावर सुनेत्रा हसली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी क्लबाचा फॉर्म मागवला. रेवाला वाटलं, बाबांना आवड निर्माण झाली. मला नुसती पाळत ठेवायची होती.

पुढचे कित्येक शनिवार आठवतात ते पांढऱ्या धुराचे. ही बंदूक उडाली की आधी एक ढग उठतो, आणि नेम लागला की नाही हे तो ढग विरल्याशिवाय कळत नाही. ते दोन-तीन सेकंद मला सहन होत नसत. रेवाला मात्र तेच आवडत. पहिल्यांदा तिला बार काढताना पाहिलं तेव्हा ती धुरात दिसेनाशी झाली आणि आतून तिचं हसू ऐकू आलं. तिचं सगळं हसणं मला माहीत आहे असं मी समजत होतो. हे माझ्या ओळखीचं नव्हतं. खरं सांगायचं तर हरणापेक्षाही मला त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

पण डोसाचा प्रश्न निघाला आणि मी नकळत त्यात ओढला गेलो. ठासणीच्या बंदुकीत तयार काडतूस नसतं. दारू किती घालायची हे आपण ठरवायचं, ग्रेन या बारीक वजनाच्या मापानं. ग्रेन! मी शिकत असताना जुने सर मॉर्फीन ग्रेनमध्ये सांगायचे, पाव ग्रेन, सहावा हिस्सा ग्रेन. इतक्या वर्षांनी ते माप मला हॅम्पशरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भेटलं. आम्ही पन्नास ग्रेनपासून सुरुवात केली. पाच बार काढायचे, प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीनं नळी पुसायची, कागदावर पाच भोकं किती जवळ पडली ते मोजायचं, मग पाच ग्रेन वाढवायचे. साठला भोकं जवळ आली. सत्तरला फाकली. ऐंशीला पुन्हा अशी जवळ आली की ॲलननं शीळ घातली. नव्वदला बंदुकीनं रेवाच्या खांद्याला असा दणका दिला की दोन दिवस ती केस डाव्या हातानं विंचरत होती. प्रत्येक नळीची भूक वेगळी असते, असं ॲलन म्हणाला. हे मला पटलं. दोन सारख्या वजनाच्या माणसांना सारखी भूल कधीच पुरत नाही.

चिंध्या माझ्या जुन्या लेंग्याच्या होत्या. शिशाची गोल गोळी नुसती घालत नाहीत, तेलकट कापडाच्या चकतीत बसवून गजानं खाली ठासतात. ॲलन चरबी वापरायचा. सुनेत्रानं चरबी घरात आणायची नाही म्हणून बजावल्यावर रेवानं साजूक तूप लावून पाहिलं. पहिल्या शनिवारी छान चाललं. दुसऱ्या शनिवारी थंडीनं तूप थिजून दगड झालं आणि अर्ध्या वाटेवर अडकलेली गोळी काढता काढता ॲलनला घाम फुटला. वर शेडभर बेसनाच्या लाडवांचा खमंग वास पसरला होता. मग मेण आणि खोबरेल यांचं मिश्रण ठरलं. तेही मी घरी तीनदा वितळवून पाहिलं, कारण मेण विकणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझा विश्वास बसला नव्हता.

शेवटी ऐंशी ग्रेन कायम झाले. त्या दिवशी रेवानं ऐंशी ग्रेन दारू घातली, गोळी ठासली, गज आत असतानाच तो नळीच्या तोंडाशी जिथे येत होता तिथे लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली आणि फुंकर घालून वाळवली. मी तेव्हा वहीत आकडे उतरवत होतो. ती नटते आहे की काय, असं काहीतरी मी चेष्टेनं म्हटलं आणि वहीत डोकं घातलं.

त्याच सुमारास पोलीस घरी आला. बंदूक आणि दारू बाळगायची तर परवाने लागतात आणि परवान्याआधी घर बघून जातात. माणूस सभ्य होता. त्यानं भिंतीत ठोकलेलं कपाट हलवून पाहिलं, दारूची लाकडी पेटी पाहिली, सुनेत्राच्या चकल्या खाल्ल्या. जाताना मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं की मुलीविषयी मला काही काळजी वाटते का. काळजीशिवाय माझ्याजवळ दुसरं काय होतं? पण तो विचारत होता ती काळजी वेगळी. मी म्हणालो, "नाही, ती फार जबाबदार आहे." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला आणखी राग आला.

आणि एका सकाळी बागेत हरीण आलं. आमच्याकडे ती येतातच, मागच्या रानातून, गुलाब खायला. छोटी, करड्या अंगाची, कान सतत हलते. आम्ही तिघं खिडकीशी चहाचे कप घेऊन उभे होतो. सुनेत्रा आपल्या गुलाबांसाठी हळहळत होती. मी त्या हरणाचा डोळा बघत होतो, मोठा, ओला, इकडेतिकडे फिरणारा. रेवा हळूच म्हणाली, "थर्टी यार्ड्स." चहा मी तसाच ओतून दिला.

तो डोळा मी आधी पाहिला होता. या देशात आलो त्या पहिल्या वर्षी ऑपरेशन टेबलावर एका बाईचे स्नायू औषधानं सैल पडले होते, हात हलत नव्हते, आणि पापणीच्या फटीतून एक थेंब कानाकडे ओघळला. भूल कमी पडत होती. मी तत्काळ वाढवली. तिला नंतर काहीही आठवलं नाही. मला आठवतं. त्यानंतर साऱ्या नोकरीत मला भीती वाटली ती कमी पडलेल्या डोसाची. अर्धवट अवस्थेत राहिलेला जीव, जागाही नाही आणि निजलेलाही नाही. रेवाची गोळी बोटभर चुकली तर तसा एक जीव परक्या बर्फात पडेल, आणि माझी मुलगी त्याच्याकडे चालत जाईल, ही कल्पना मला झोपेतून उठवत असे.

पण रेवानं स्वतःलाच एक अट घालून घेतली होती. पुठ्ठ्यावर हरणाचं चित्र, खांद्याच्या मागे, जिथे काळीज असतं तिथे, सुनेत्राच्या चहाच्या बशीभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ. पंचाहत्तर यार्डांवरून पाच गोळ्या. पाचही बशीत गेल्या तर जायचं. एक जरी बाहेर गेली तर ॲलनच्या भावाला फोन करून नाही म्हणायचं. दुसरी संधी नाही. "मी स्वतःवर सस्पिशियस आहे, बाबा," ती म्हणाली होती, "तुमचीच मुलगी ना." नोव्हेंबरचा पहिला शनिवार ठरला.

त्या सकाळी धुकं होतं. रेवा आणि ॲलन पुठ्ठा लावायला पंचाहत्तर यार्ड चालत गेले. शेडच्या बाकावर मी, दारूची पेटी, वजनकाटा आणि पाच करड्या प्लॅस्टिकच्या कुप्या. बंदुकीत डब्यातून थेट दारू ओतायला क्लबात मनाई आहे, एकेका बाराची आधी मोजून कुपीत भरून ठेवायची. ते काम पहिल्यापासून माझं होतं. हात माझा स्थिर आणि सवय जन्माची.

पहिली कुपी ऐंशी. दुसरी ऐंशी. तिसरी भरताना काटा पंचेचाळीसवर आला आणि मी हात थांबवला.

कसा थांबवला, का थांबवला, याची कितीतरी उत्तरं मी नंतर जुळवली. कमी दारूनं बंदुकीला धोका नसतो, हे मला माहीत होतं. गोळी फक्त खाली पडणार होती. समोर पुठ्ठा होता, जीव नव्हता. मी झाकण लावलं. चौथी ऐंशी. पाचवी पुन्हा पंचेचाळीस. मग पाचही कुप्या ओळीनं उभ्या केल्या आणि रुमालानं हात पुसले.

परत आल्यावर ॲलननं कुप्यांकडे बघितलं आणि आज महत्त्वाचा दिवस आहे, एकदा पुन्हा वजन करून घेऊ या का, असं विचारलं. रेवानं बंदुकीवरून वर न बघता सांगितलं, "नो नीड. बाबांनी भरलंय." एवढं मराठी वाक्य तिनं त्या इंग्रज म्हाताऱ्याला तसंच सांगितलं, आणि त्याला ते समजलंही.

पहिली गोळी बशीत. दुसरी बशीत. तिसऱ्या वेळी तिनं दारू ओतली, गोळी ठासली आणि गजावर हात ठेवून क्षणभर थांबली. मला वाटलं, श्वास घेते आहे. मग तिनं गज काढला, चापाजवळच्या खोबणीत ठिणगी पकडायला चिमूटभर दारू घातली, नेम धरला. बार जरा बसक्या आवाजाचा झाला. ॲलननं भुवया उंचावल्या. ढग विरला, दुर्बिणीत भोक बशीच्या खाली दिसलं, दोन बोटं बाहेर. चौथी आत. पाचव्या वेळी ती पुन्हा गजावर हात ठेवून थांबली, आणि पाचवी पुन्हा खाली गेली.

"दोन बार मऊ वाटले," ॲलन म्हणाला. पावडर दमट झाली असावी, असं मीच सुचवलं. इतकंच नव्हे, क्लबाच्या कपाटालाच ओल येते, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, असंही म्हणालो. म्हातारा बिचारा कपाटाच्या मागे हात घालून भिंत चाचपू लागला. आपले दोन्ही नवीन गुडघे टेकून.

पुन्हा एकदा पाच मार, असं त्यानं रेवाला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "नो. रूल इज रूल." आणि तिथूनच भावाला फोन केला.

घरी येताना एम-थ्री महामार्गावर गर्दी होती. गाडी ती चालवत होती. दोन्ही कडेची झाडं पिवळी आणि ओली, काचेवर भुरभुर पाऊस. मी फार बोललो त्या दिवशी. चिवड्यात या वर्षी डाळं जास्त झालं का, पिनरच्या मराठी मंडळींना फराळाला कधी बोलवायचं, बॉयलर बदलायला हवा. इतका हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो. ती अधूनमधून "हं" म्हणत होती आणि दोनदा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रस्त्याकडे बघ, असं मी तिला म्हणालो.

वर्ष गेलं. अमेरिकेचा विषय निघाला नाही आणि मी मनातल्या मनात सुटलो. कधीकधी पहाटे जाग यायची तेव्हा काटा पंचेचाळीसवर थांबलेला दिसायचा. मग मी कूस बदलायचो. जन्मभर कमी डोसाला घाबरलेल्या माणसानं हातानं कमी डोस भरला होता, आणि दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचायला तिथे नव्हतं. आणि जगात सगळ्यांवर संशय घेणारा मी, माझ्यावर कुणाचा संशय नाही याचीच मला खात्री वाटत होती.

या ऑक्टोबरात सिंकला पुन्हा वास आला. ॲलनच्या भावानं पुन्हा बोलावलं आहे. बशीचं वर्तुळ पुन्हा काढलं आहे. गेल्या शनिवारी मी शेडमध्ये बाकावर बसलो आणि काटा पुढे ओढला. रेवा निशाणाकडे गेली नाही. समोरचं स्टूल घेऊन बसली. मी पहिली कुपी भरून झाकण लावलं. तिनं ते झाकण काढलं, दारू पुन्हा काट्यावर ओतली, आकडा पाहिला, परत भरली.

"हे काय?" मी म्हणालो.

"सेकंड चेक. तुमचाच रूल आहे ना, बाबा. थिएटरमधला."

"माझ्यावर संशय?"

तिनं बंदुकीचा गज उचलून माझ्यापुढे धरला. नेलपॉलिशची लाल रेघ, आता थोडी उडालेली. "ही लाइन नळीच्या तोंडाला यायला पाहिजे. पावडर कमी असेल तर गज जास्त आत जातो. लास्ट इयर दोनदा आत गेला. इतका." तिनं अंगठ्याचं पेर दाखवलं.

म्हणजे ती श्वास घेत नव्हती. ती बघत होती. मी इतकं तपासणारा माणूस, आणि रेघ माझ्यासमोर ओढली तेव्हा मी वहीत डोकं घालून चेष्टा करत होतो.

"मग थांबली का नाहीस?" मी विचारलं. "मग गोळी उडवलीस का?"

"कारण मला वाटलं, माझा बाबा मापात खोटं करतो म्हणजे तो किती घाबरलाय. मग मला जायचं नव्हतं." तिनं गज खाली ठेवला. "आणि मला वाटलं तुम्ही सांगाल. कारमध्ये. मी फुल एम-थ्री वाट बघितली, बाबा. तुम्ही चिवड्यावर बोलत होता."

शेडवर पाऊस पडत होता. ॲलन लांब कुठेतरी हातोडीनं खिळा ठोकत होता. मी म्हणालो, "चुकलो." आयुष्यात मुलीला हा शब्द मी पहिल्यांदा म्हणत होतो, आणि तो एका वर्षानं उशिरा निघाला.

"आय नो," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. ते मला जास्त लागलं. तिनं दुसरी कुपी माझ्याकडे सरकवली. "यावर्षी मी जाणार आहे. बशीत पडलं तर. भरा आता."

मी भरतो. काट्यावर बोट न लावता, श्वास रोखून, एकेक दाणा. येता शनिवार तिच्या अटीचा, आणि पाचही कुप्या बरोबर भराव्यात याहून दुसरी कुठलीच इच्छा आता माझ्यात नाही. हरणाचा तो डोळा अजून दिसतो. पण त्याच्यासाठीसुद्धा पूर्ण डोसच हवा, हे मला कळायला हवं होतं.

"ऐंशी," मी मोठ्यानं वाचतो. ती झाकण काढते, पुन्हा ओतते, वाकून आकडा बघते, मगच म्हणते, "ऐंशी."

पूर्वी ती नुसतं "बाबांनी भरलंय" म्हणायची.